काशीरामाचे तीन अंगठे

तांडेलांच्या घरात कागद आला की तो शेवंतीच्या हातात जायचा. मुंबईहून लवूचं पत्र असो, तलाठ्याची नोटीस असो, नाहीतर औषधाच्या बाटलीवरची पट्टी असो, घरात वाचता येणारी ती एकटीच, आणि तीही अकरा वर्षांची. तिला पाटावर बसवायचे, थोरली माणसं भोवती जमायची, आणि ती मास्तरांसारखा आवाज काढून वाचायची. सही लागली तर तिचा बाप काशीराम चिमणीच्या काचेत अंगठा फिरवून काजळी घ्यायचा आणि ती बोट ठेवील तिथे ठसा उठवायचा. आपण कशावर अंगठा देतो आहोत हे त्याने कधी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. पोरगी आपली, शिकलेली, मग विचारायचं कशाला?

या सवयीने काय केलं ते अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदात, गणपती पोचवून आठवडा झाल्यावर, एका बुधवारी दुपारी सगळ्यांना कळलं.

त्याच्या आधीच्या सोमवारी पद्मावतीने लेकीला वेणीला बसवलं होतं. रोज ती पाठीमागे बसून वेणी घालायची. त्या दिवशी पोरीचं कपाळ खरचटलेलं दिसलं म्हणून तिने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. डाव्या बुबुळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. दोन तासांत नवराबायको तिला घेऊन मालवणात डॉक्टरांपुढे उभी राहिली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. डोळे तीन महिने तरी बिघडलेले आहेत, पापण्या आतून खरबरीत झाल्यात, डाव्यात फूल पडलंय, तो डोळा गेला. उजव्यालाही तेच सुरू झालंय. मिरजेला डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे चार दिवसांच्या आत पोचलात तर उजवा वाचेल. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस तुम्ही काय करत होता?

घरी आल्यावर काशीराम थेट दाजीपुढे जाऊन बसला. दाजी थोरला भाऊ, साठीचा, वाडीतल्या रापणीचा प्रमुख. किनाऱ्यावरून चाळीस माणसं दोर धरून जाळं ओढतात ती रापण, आणि तिच्यात दाजीच्या हाकेशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. घरातही तेच. काशीराम चाळिशीला आला तरी थोरल्याच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. दाजी म्हणाला, देवीक इचारूया. मंगळवारी गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या तांदळाचे दाणे लावून गाऱ्हाणं घातलं. उजव्या अंगाचा दाणा आधी पडला तर जा, डाव्या अंगाचा पडला तर थांबा. डावा पडला. अकरा दिवस मुलीने घाट ओलांडू नये, असं गुरवाने सांगितलं.

दाजीला नावं ठेवायची घाई करू नये. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा एकुलता मुलगा धोंडू पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. तेव्हा कौल डावाच आला होता, आणि तो मोडून दाजीने पोराला घाटावर नेलं होतं. परत आले ते धोंडूचे कपडे. त्या दिवसापासून दाजीने कौल मोडला नाही, आणि धोंडूचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही.

बुधवारी दुपारी सगळे पडवीत होते. बाहेर पाऊस धरून आला होता. दाजी सुपारी कातरत होता, त्याची बायको पार्वती तांदूळ निवडत होती. पद्मावती दाराच्या आत, थोरल्या दिरापुढे बसायचं नाही म्हणून उंबऱ्याच्या अलीकडे. शेवंती कोपऱ्यात गुंडाळलेल्या जाळ्यावर बसली होती, डाव्या डोळ्यावर डॉक्टरांनी बांधलेली पट्टी. आणि बोलत होता तो लवू. तिघा भावांत धाकटा, मुंबईला गोदीत कामाला, चवथीला आलेला. दोन दिवस त्याचं एकच चाललं होतं, की उद्याच्या गाडीने पोरीला मिरजेला न्या. पद्मावती मनातून त्याच्या बाजूची होती, पण मनातूनच. पार्वती नवऱ्याच्या बाजूची, निदान तसं सगळे समजत होते. काशीराम कुणाच्याच बाजूचा नव्हता. तो दोराला गाठी मारत होता आणि मारलेल्या सोडत होता.

"दाजी, गुरव काय डोळ्यांचो डॉक्टर आसा?" लवूने शेवटी विचारलं.

दाजीचा अडकित्ता थांबला. "कौल मोडून घाटार कोण गेल्लो? मी गेल्लंय. तुका काय म्हायत? तू तेवा उघडो फिरी होतंस."



तेवढ्यात छत्री मिटत इनास मास्तर पायरीवर आले. खाडीपलीकडच्या किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, वाड्यात त्यांचं घर, वाडीच्या शाळेत सोळा वर्षं मास्तर. आजवर ते या पडवीत कधी आले नव्हते. पार्वतीने घाईने पाट मांडला, पण ते बसले नाहीत. त्यांनी शेवंतीच्या पट्टीकडे पाहिलं, मग कोटाच्या खिशातून घडी केलेले तीन कागद काढले आणि शाळेत बोलत तशा मराठीत म्हणाले, "काशीराम, मी तुला तीन वेळा कळवलं होतं. जूनमध्ये, जुलैत, आणि चतुर्थीच्या आधी."

"व्हय मास्तरानू," काशीराम उठून उभा राहिला. "चेडू अभ्यासात बरां आसा म्हणान तुमी लिवलल्यात. आमी आयकलांव."

"असं मी कधीच लिहिलं नाही."

त्यांनी कागद उलगडले. प्रत्येकाच्या तळाशी काळा ठसा होता. काशीरामाने आपला अंगठा ओळखला. लहानपणी गळाने फाटलेल्या अंगठ्याची आडवी खूण तिन्ही कागदांवर स्पष्ट उठली होती. मास्तर सांगत गेले. पोरीचे डोळे लाल होतात, फळा दिसत नाही, डॉक्टरांना दाखवा, दोघांपैकी एकाने येऊन भेटा, असं त्यांनी लिहिलं होतं. काशीराम ऐकत होता आणि हळूहळू त्याची नजर जाळ्यावर बसलेल्या पोरीकडे वळली.

पोरीने मान खाली घातली. तेवढं पुरेसं होतं.

पद्मावतीला जूनमधली ती संध्याकाळ आठवली. आठवायचं काय, ती तिला विसरताच आली नव्हती. चुलीवर पेज होती आणि शेवंतीने दप्तरातून कागद काढला होता. पद्मावतीला अक्षर कळत नव्हतं, पण कागद पुरता भरलेला आहे हे कळत होतं. वरपासून खालपर्यंत ओळीच ओळी. आणि पोरीने वाचलं ते असं, की शेवंती अभ्यासात चांगली आहे, पालकांनी येण्याची गरज नाही. पेज उतू जायच्या आत वाचून झालं. एवढ्याशा बोलण्याला एवढी शाई लागते का, असं तिच्या मनात आलं होतं. जुलैचा कागद परीक्षेचा होता म्हणे. तिसरा चवथीच्या सुट्टीचा, आणि तोही तसाच भरगच्च. तिन्ही वेळा तिला वाटलं, आणि तिन्ही वेळा ती चुलीकडे वळली. पोरगी शिकते याचा तिला इतका अभिमान होता की त्यात खोट काढायला जीव धजला नाही.

ती उंबऱ्याबाहेर आली. थोरल्या दिरासमोर ती त्या घरात पहिल्यांदा तोंड उघडत होती.

"माका तेवाच वाटला," ती म्हणाली. "कागद भरललो आणि वाचून चटकन झाला."

काशीराम गर्रकन वळला. "मगे बोलूक नाय ता तू?"

"तुमी तरी खंय बोललात? शाळेत येवची गरज नाय ह्या आयकून तुमचो जीव हलको झालो. मी बघलंय तुमचा तोंड."

हे खरं होतं आणि म्हणून काशीरामाला ते झोंबलं. पोरीचं नाव घालायला तो एकदाच शाळेत गेला होता. रापण ओढून तसाच. अंगाला खारं पाणी आणि तारली मासळीचा वास. दारात उभा राहिला तेव्हा पोरांनी नाकं धरली आणि मास्तरांनी त्याला आत ये म्हटलं नाही, बाहेरच्या बाहेर नाव लिहून घेतलं. मास्तरांना ते आठवतही नसेल. पण काशीरामाने त्या दिवशी ठरवलं होतं की पोरीने शिकावं, आपण मात्र तिकडे फिरकू नये. गरज नाही असं कागदावरच आल्यावर त्याला खरोखर सुटल्यासारखं झालं होतं. बापाला मुलीचं काही विचारायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि कुणी सांगायची तो वाट बघत होता असंही नाही.

एवढा वेळ पोरीच्या बाजूने भांडणारा लवू आता मधल्या भावावर घसरला. दाजी परवडला, तो निदान देवीला तरी विचारतो, असं तो म्हणाला. बाप म्हणवतोस आणि स्वतःच्या पोरीचे डोळे तीन महिने बघितले नाहीस? समोर बसून जेवत होती ना ती? दाजीनेही मान डोलावली. काल एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे भाऊ त्या क्षणी एक झाले आणि मधला एकटा पडला. दोष द्यायला एक माणूस सापडला की घरं अशीच झटकन जुळतात.

"काका," जाळ्यावरून शेवंती म्हणाली. "मी तुका लिवललंय."

लवू तिच्याकडे वळला.

"श्रावणात. डोळे चुरचुरतत, औषध धाड, घरात कोणाक सांगा नको म्हणान."

पत्र आलं होतं. लवूला ते चाळीतल्या एका कारकुनाने वाचून दाखवलं होतं. सगळ्या घरात पोरीने विश्वास टाकला तो आपल्यावर, या आनंदात लवू दोन दिवस होता. मग त्याने बंदरावरच्या फेरीवाल्याकडून सुरम्याची एक डबी घेतली आणि गावी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिली. घरी कळवलं नाही, कारण पोरीने नको म्हटलं होतं. शेवंती रोज सकाळी खाडीच्या काठावर बसून तो सुरमा दोन्ही डोळ्यांत घालत होती. सोमवारी डॉक्टरांनी विचारलं होतं, डोळ्यात काही घातलं का? ती गप्प राहिली होती. काकाचं नाव तिला सांगायचं नव्हतं.

"माका वाटला, डोळे आले आसतीत," लवू म्हणाला. "दोन दिसांत बरे जातले." त्याचा मुंबईचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. तो पायरीवर बसला.

मग पद्मावतीने लेकीला विचारलं, असं का केलंस. पोरीने सांगितलं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेजारच्या नर्मदेचे डोळे गेल्या वर्षी दुखले तेव्हा याच पडवीत बसून दाजीने निकाल दिला होता की दिव्याशी वाचून पोरींचे डोळे फुटतात, शाळा सोडवा. नर्मदेची शाळा सुटली. ती आता मासळीची पाटी घेऊन बाजारात बसते. शेवंतीने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला होता.

इनास मास्तर उभेच होते. या घरातलं भांडण ऐकून आपण निघावं असं त्यांना वाटत होतं, पण पाय उचलत नव्हता. तीन कागद घेऊन ते आले होते ते खरं तर स्वतःची सुटका करून घ्यायला. मी माझं काम केलं होतं, बघा, हे तुमचे अंगठे. काल रात्री पोरीच्या डोळ्याचं कानावर आल्यापासून त्यांनी हेच वाक्य घोकलं होतं. आता त्यांना दुसरंच आठवत होतं. शाळेपासून या घरापर्यंत वीस मिनिटांची वाट. तीन महिन्यांत त्यांनी ती एकदाही चालली नव्हती. अंगठा उठून परत आलेला कागद बघून त्यांना राग यायचा. वाचलंय आणि तरी येत नाहीत, म्हणजे माजलेत. या घरात वाचणारं कोण आहे, असा प्रश्न त्यांना, मास्तर असून, पडला नव्हता.

काशीराम त्यांच्यापुढे आला. "काय लिवलल्यात तां माका आयकूक व्हया. सगळा."

"मी वाचतो," मास्तर म्हणाले.

"नको. तीच वाचतली."

पद्मावती नको म्हणाली, पण काशीराम ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्याने कागद मास्तरांच्या हातातून घेतले आणि पोरीच्या मांडीवर ठेवले. रागाने नव्हे. त्याला फक्त एकदा तिच्या तोंडून खरं ऐकायचं होतं. शेवंतीने पहिला कागद नाकाशी नेला आणि तिचा तो शाळेतला आवाज काढला.

"आपली मुलगी शेवंती हिचे डोळे वारंवार लाल होतात व त्यांतून पाणी येते. फळ्यावरील अक्षरे तिला दिसत नाहीत. मुलगी हुशार आहे. तिला त्वरित डॉक्टरांना दाखवावे. आई-वडिलांपैकी एकाने शाळेत येऊन भेटावे."

दुसरा कागद. पहिल्या चिठ्ठीवर अंगठा मिळाला, परंतु आपण आला नाहीत. डोळे अधिक बिघडले आहेत. ती कुठे अडखळली नाही. पडवीत पावसाचा आवाज आणि तिचा आवाज एवढंच होतं. मास्तर जमिनीकडे बघत होते, कारण तिसऱ्या कागदावर काय आहे ते त्यांना माहीत होतं.

"दोन वेळा कळवूनही आपण दखल घेतली नाही. मुलीची आपणांस काळजी नाही असे समजतो. इतर मुलांस संसर्ग होऊ नये म्हणून सोमवारपासून तिला मागील रांगेत वेगळे बसविले जाईल."

मुलीची आपणांस काळजी नाही. हे वाक्य वाचून पोरगी त्या दिवशी शाळेतून घरी आली होती, तिने ते गिळलं होतं, चवथीची सुट्टी म्हणून वाचून दाखवलं होतं आणि बापाला अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं होतं. मास्तरांना रडू आवरेना. त्यांनी तोंड पुसायला मान वर केली आणि तेव्हा त्यांना तिच्या हातातला कागद दिसला.

ठसा वरच्या बाजूला होता. अक्षरं उलटी होती.

पडवीत सात माणसं आणि ते बघून त्याचा अर्थ कळणारा एकच. मास्तर तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. त्यांची शाळेतली मराठी गळून गेली.

"शेवंती, तो कागद उलटो आसा गो."

तिने पटकन कागद फिरवला. तो आडवा झाला.

"तुका दिसणा नाय?"

काशीराम वाकला आणि त्याने तिच्या उजव्या डोळ्यापुढे हात धरला, अगदी जवळ. तिची पापणी हलली नाही. घराचे सगळे कागद वाचणारी पोरगी मास्तरांची पत्रं पाठ म्हणत होती. एकेक आलं तसं ती ते रोज मनात म्हणत आली होती, म्हणून तिला शब्द न् शब्द येत होता.

"कधीपासून?" बापाने विचारलं.

"कालपासून. सकाळी धुक्यासारख्या दिसला. आज तांय नाय."

काल. म्हणजे गुरव तांदूळ लावत होता तेव्हा.

"माका सांगूक नाय कित्या गो?"

"तुमी इचारूक नाय," शेवंती म्हणाली. तिने ते तक्रारीने म्हटलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, एवढंच.

काशीराम उभा राहिला. त्याला काय करायचं ते एकदम कळलं, आणि ते आयुष्यात पहिल्यांदा दाजीकडे न बघता कळलं. तीनची गाडी कणकवलीला जाते, उद्या सकाळी तिथून घाटावरची गाडी मिळेल. त्याने बायकोला पोरीचे कपडे बांधायला सांगितलं.

"काशी," दाजी म्हणाला. "कौल डावो आसा. मी सांगतंय तां आयक. हात रिकामे घेवन येशीत."

यावर काशीराम काही बोलायच्या आत पार्वतीने तांदळाचं सूप खाली ठेवलं. एकोणीस वर्षं ही बाई या विषयावर ब्र काढत नव्हती, आणि नवऱ्याला वाटत होतं की तिचं मत आपल्यासारखंच आहे.

"धोंडू कौल मोडलो म्हणान गेलो नाय," ती म्हणाली. "तीन कौल घेयपर्यंत आपण थांबलांव म्हणान गेलो. पंधरा दीस माझो झील हयसर तळमळत होतो. माका ते पंधरा दीस मोजूक येतत."

दाजीने तिच्याकडे बघितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला. अडकित्ता त्याच्या हातात तसाच उघडा होता. इतकी वर्षं त्याने स्वतःला एका गोष्टीसाठी दोष दिला होता, आणि आता कळलं की दोष खरा होता, फक्त गोष्ट दुसरी होती. पार्वती आत गेली आणि प्रवासासाठी भाकऱ्या बांधू लागली. पद्मावतीच्या धाकट्या दोघा पोरांना मी बघेन, तू जा, असं तिने आतूनच सांगितलं.

दाजीने जा म्हटलं नाही. ते त्याच्याने झालं नाही. मग तो पायरीवर बसलेल्या लवूला म्हणाला, "तू मुंबयक जाव नको आताच. काशीचो दोर तू धर." लवूने होकार दिला. त्या घरात परवानगी यापेक्षा मोठ्याने कधीच दिली गेली नव्हती.

मास्तरांनी मिरजेच्या डॉक्टरांच्या नावाने एक चिठ्ठी लिहून दिली. काशीरामाने ती घेतली आणि म्हणाला, मास्तर, काय लिहिलंत ते वाचून दाखवा. मास्तरांनी वाचली. काशीरामाने पुन्हा एकदा वाचायला लावली, मग घडी करून टोपीत ठेवली.

गाडीत शेवंती आईबापाच्या मधे बसली. काशीरामाला बोलायची सवय नव्हती, पोरीशी तर नाहीच. कट्ट्याला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, भूक लागली का? नाही म्हणाली. कसालला विचारलं, डोळा दुखतो का? थोडा दुखतो म्हणाली. आणखी थोड्या वेळाने त्याने विचारलं की शाळेत तुझ्या शेजारी कोण बसतं. तिने सांगितलं की मागच्या रांगेत शेजारी कोणी नसतं. पुढचा प्रश्न सुचायला त्याला कणकवली यावी लागली. पद्मावती खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फोंड्याचा घाट चढू लागली. पाऊस थांबला होता आणि दरीवर ऊन पडलं होतं, इतकं लख्ख की पद्मावतीने पदराने स्वतःचे डोळे झाकले. काशीरामाने लेकीचं तोंड हळूच उन्हाकडे वळवलं.

"शेवंती, आता काय दिसता?"

बरं वाटेल असं काहीतरी सांगायची तिला सवय होती, आणि आईबाप दोघेही श्वास धरून ते ऐकायला वाकले होते.

"काय एक दिसणा नाय, बाबा," ती म्हणाली.

काशीरामाने मान हलवली. मग मान हलवलेली तिला दिसली नसणार हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला.

"आयकलंय गो बाय," तो म्हणाला. "आयकलंय."